मदत हवी आहे: एस्टीमला टर्बो बसवलाय, ऑइल रिटर्नचा पाइप कुठून न्यावा?

नमस्कार मंडळी. सोलापूरहून लिहितोय. जुन्या 1.3 पेट्रोल एस्टीमला जर्नल बेअरिंगचा टर्बो बसवलाय, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, ज्याचा शाफ्ट तेलाच्या थरावर फिरतो. गाडी अजून गॅरेजातच आहे, त्यामुळे आरटीओचा विषय इथे नको.

इंजिन तापलं आणि आयडलिंगला थोडा वेळ ठेवलं की सायलेन्सरमधून निळा धूर येतो. रेस केली की कमी होतो. शाफ्टला प्ले (ढिलेपणा) नाही, कंप्रेसरच्या (हवेच्या) बाजूचा पाइप कोरडा, टर्बाइनकडे (एक्झॉस्टच्या बाजूला) मात्र तेल. मिस्त्री म्हणतात सील गेलं, नवा टर्बो घ्या. मला पटत नाही. टर्बोत रबरी सील कुठे असतं? पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते. मधली जागा तेलानं तुंबली तर ती काय अडवणार! आत तेल पंपाच्या प्रेशरनं येतं, बाहेर मात्र नुसत्या उतारानं पडतं, आणि तेही फेसाळलेलं. संशय रिटर्नवर, म्हणजे टर्बोतलं तेल परत इंजिनात नेणाऱ्या पाइपवर आहे.

टर्बो बराच खाली बसलाय. पाइप वीतभर खाली येतो, एसीच्या ब्रॅकेटला वळसा घालून जवळजवळ आडवा जातो आणि चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) निपलला, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडाला, किंचित वर चढून लागतो. निपल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही खाली आहे. पाइप आपल्या अक्कलकोट रोडवर जेसीबी आणि ऊसतोडणी मशीनचे होज प्रेस करून देतात तिथला, आतून अर्धा इंच.

निपल वर घेऊ, टर्बो उचलू, की स्कॅव्हेंज पंप (रिटर्नचं तेल ओढून परत पाठवणारा) लावू? पंप खर्चिक, आणि बंद पडला तर पुन्हा तेच.

डिझेलवेडा: आधी खात्री करा. रिटर्न चेंबरपासून सोडवून खाली डब्यात सोडा, मिनिटभर आयडलिंगला चालवा, तेलाच्या लेव्हलवर लक्ष ठेवा. धूर थांबला तर टर्बो निर्दोष. ऑइल फिलरचं झाकण काढून ब्लो-बाय (पिस्टनच्या बाजूनं खाली निसटणारा गॅस) पण बघा. ब्रीदर (तो गॅस बाहेर सोडणारी नळी) तुंबला असेल तर चेंबरमधलं प्रेशरच रिटर्न अडवतं, मग पाइप कितीही सरळ असो.

प्रश्नकर्ता: डब्यात सोडून बघितलं. धूर जवळजवळ गेला. ब्रीदर मोकळा आहे.

लेथवाला: मग पंप विसरा. निपल तेलाच्या लेव्हलच्या वर, क्रँक तेल फेकतो ती बाजू सोडून. आतला व्यास 16 मिमी करा, पाइप सतत उतरता, कुठेही पोट नको. एसीचं ब्रॅकेट कापावं लागलं तरी कापा. आणि तो हायड्रॉलिक होज काढाच. साधा नायट्राइल रबराचा साधारण 100 अंशांपर्यंतचा असतो, टर्बोतलं तेल त्याहून गरम निघतं, शिवाय शेजारी मॅनिफोल्ड. स्टीलचा पाइप वाकवून घ्या, जोडाला विटनचा (जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराचा) तुकडा. टर्बोच्या फ्लँजला गॅस्केटच वापरा. सिलिकॉन लावलंत तर त्याचा तुकडा सुटून भोकात अडकायचा. चेंबर उतरवूनच वेल्ड करा, आणि परत चढवण्याआधी आत रॉकेल ओतून रात्रभर ठेवा. वेल्डला बारीक भोक असेल तर सकाळी बाहेरून ओल दिसेल.