क्रिप्टोस्पोरिडियम: स्पोरोझॉइट निघतात, पण पेशीत शिरत नाहीत

प्रश्न: पित्तक्षार घातले की क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब घडवणाऱ्या सूक्ष्म परजीवीचे ऊसिस्ट (जाड कवचाचे कोश) फुटून स्पोरोझॉइट (पेशीत शिरणारी रूपं) निघतात, पण तासाभराने ते एचसीटी-८ पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या पेशी) टाकले तर संसर्ग नगण्य. पेशीत शिरण्यासाठी लागणारी त्यांची स्रावी प्रथिनं तोवर संपतात का?

उत्तर १: तासभर थांबताच कशाला? ऊसिस्टना आधी १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, ३७ अंश, १० मिनिटं. मग २ मिलिमोलर सोडियम टॉरोकोलेट (पित्तक्षार) आणि लगेच पेशींवर. स्पोरोझॉइट तिथेच फुटून निघू देत. बाहेर सरपटताना मायक्रोनीममधली (स्पोरोझॉइटमधल्या स्रावी पिशव्या) चिकट प्रथिनं मागे सांडत जातात.

उत्तर २: शिवाय रॉप्ट्री (पेशीत शिरताना प्रथिनं आत सोडणारी पिशवी) एकच, म्हणजे बारही एकच. त्यातलं आरओपी१ हे प्रथिन यजमान पेशीच्या एलएमओ७ या प्रथिनाला धरतं.

उत्तर ३: खरी गंमत पुढे! परजीवी यजमानाच्या पटलाखाली, पण पेशीद्रवाबाहेर बसतो. तरी त्याचं मेडल२ हे प्रथिन थेट यजमान पेशीच्या केंद्रकात पोचतं.