सेक्रेटरींचा ‘वा’

(सोसायटीचा ग्रुप, शुक्रवार, रात्री ९ नंतर)

खरे काका ए-२०३: सर्व सभासदांना नमस्कार. डिसेंबरच्या बिलात माझ्या नावावर ५६ रुपये व्याज लागलं आहे. बावीस वर्षांत माझं मेंटेनन्स एकदाही थकलेलं नाही. हे कसं झालं ते इथेच सांगावं. खासगीत फोन नकोत.

म्हात्रे सेक्रेटरी: नमस्कार काका. नोव्हेंबरचे ३२०० तुमच्याकडून एक महिना उशिरा आले. वर्षाला २१ टक्के सरळव्याज, महिन्याचे ५६ च होतात. उपविधीत आहे, माझ्या मनाचं नाही.

खरे काका ए-२०३: आपल्या उपविधीत २१ टक्के ही कमाल मर्यादा आहे. कमाल म्हणजे लावलंच पाहिजे असं नाही.

म्हात्रे सेक्रेटरी: सभेत २१ ठरलं तेव्हा तुम्ही हजर होतात. अनुमोदन तुमचंच आहे. इतिवृत्त टाकू का?

शिंदे बी-१०२: पुन्हा टाकतो. बी विंगच्या डक्टला कबुतरांची जाळी कधी लागणार? गणपतीच्या आधीपासून विचारतोय.

खरे काका ए-२०३: मुदत कळवली असती तर मुदतीत भरले असते.

म्हात्रे सेक्रेटरी: ग्रुपवर दोनदा कळवलंय, बिलाच्या पीडीएफसकट. १ तारखेला आणि ८ तारखेला. तुम्ही वाचल्याची खूणही दिसते आहे.

खरे काका ए-२०३: वाचल्याची खूण! ते वाचण्यासारखं होतं का? मी १२ तारखेला तुम्हाला लिहिलं की हे काय चाललंय, माणसाला कळेल असं लिहा. त्यावर तुमचं उत्तर काय आलं? ‘वा’. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला सेक्रेटरीने ‘वा’ म्हणावं?

म्हात्रे सेक्रेटरी: मी कुणालाही ‘वा’ म्हटलेलं नाही.

खरे काका ए-२०३: माझ्यासमोर आहे. म्हात्रे, ‘वा’. खाली नितीन, ‘वा’. त्याच्याखाली वैद्य वहिनी, त्यांचाही ‘वा’. सगळ्यांनी मिळून माझी टिंगल केलीत. मी गप्प बसलो.

वैद्य वहिनी सी-४०१: अहो काका, मी कशाला असं लिहीन? मी तुम्हाला इंग्रजीत ओके लिहिलं होतं. बाकी गच्चीचा विषय मी मुद्दाम काढत नाहीये.

नितीन बी-४०३: काका मीसुद्धा ओकेच लिहिलंय 🙏

गोखले सर ए-१०१: मूळ दुखणं वेगळंच आहे. नोटिसा मराठीतच हव्यात. मागच्या सभेत मी हेच बोललो होतो.

म्हात्रे सेक्रेटरी: सर, डी विंगला चार बिऱ्हाडं तमीळ आहेत. मराठीत टाकलं की ते मला फोन करतात, इंग्रजीत टाकलं की तुम्ही करता.

गोखले सर ए-१०१: फोन करणं गुन्हा असेल तर तसं सांगा.

[हा संदेश हटवला आहे]

लीना डी-२०४: काका, तुम्हाला नोटीस नक्की कशी दिसते? जशीच्या तशी टाइप करता का?

खरे काका ए-२०३: करतो. थांबा. ‘च्समंेम चंल इपसस इमवितम १०ध्११’. आता सांगा, ही कुठली भाषा? मला फक्त १० आणि ११ कळलं. मी समजलो पाणी दहा ते अकरा येणार नाही. दोन बादल्या आणि पिंप भरून ठेवलं.

नितीन बी-४०३: 😂😂 सॉरी काका

नितीन बी-४०३: फोन हॅक झालेला दिसतोय. फॅक्टरी रीसेट मारून टाका.

खरे काका ए-२०३: त्यात सौ.चे काशीचे फोटो आहेत. कुणीही काहीही मारायचं नाही.

परब ताई सी-००१: रीसेट करू नका. नमस्कार, मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही. काका, तुम्ही टाइप केलेलं मला वाचता येतं. ‘प्लीज पे बिल बिफोर १०/११’ असं आहे ते.

म्हात्रे सेक्रेटरी: ताई??? तंतोतंत हेच टाकलं होतं.

परब ताई सी-००१: मी सरकारी नोकरीत टायपिस्ट होते. मराठी मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या दोन्ही परीक्षा रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळफलकावर दिल्या, नंतर संगणक आले तेव्हाही बोटं तीच. इंग्रजी ‘बी’च्या कळीवर इ, ‘आय’वर प, ‘एल’वर स. बिल टाइप केलं की इ प स स उमटणार. इपसस. ‘पे’ म्हणजे च, अनुस्वार, ल. चंल. तारखेतल्या तिरक्या रेघेच्या कळीवर अर्धा ध असतो.

लीना डी-२०४: बाप रे. आणि ‘वा’?

परब ताई सी-००१: ‘ओ’च्या कळीवर व, ‘के’च्या कळीवर काना.

परब ताई सी-००१: ओके म्हणजे वा.

नितीन बी-४०३: 🤯

म्हात्रे सेक्रेटरी: काका, आता तरी पटलं का? मी घाईत उत्तरं बारीक लिपीत, कॅपिटल न करता टाइप करतो.

परब ताई सी-००१: म्हणूनच. मोठ्या लिपीतला ‘ओ’ असता तर अर्धा व उमटला असता, आणि काकांना लगेच संशय आला असता.

खरे काका ए-२०३: ताई, तुमचं वाचन दांडगं आहे, मान्य. पण माझ्या फोनमध्ये टाइपरायटर कुणी घातला?

परब ताई सी-००१: फोनचा फॉन्ट कुणी बदलला होता का? दिवाळीच्या सुमारास?

खरे काका ए-२०३: नातू आला होता नाशिकहून. त्याला म्हटलं, बाबा, अक्षर बारीक दिसतं, मोठं कर. त्याने काहीतरी उतरवून घेतलं आणि म्हणाला, आजोबा, आता झकास मराठी फॉन्ट आलाय.

लीना डी-२०४: अक्षर मोठं करायचं सोडून अक्षरच बदललंन 😄

नितीन बी-४०३: पण ताई, मराठी फॉन्ट टाकलाय तर काकांना आपलं मराठी नीट कसं दिसतंय? आणि इंग्रजीचाच बोऱ्या का?

परब ताई सी-००१: तीच तर गंमत आहे. लांबलचक लिहितेय, ज्यांना नको त्यांनी पुढे जावं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, सर्रास वापरात येण्याआधी डीटीपीत, म्हणजे छपाईच्या संगणकी जुळणीत, जे मराठी फॉन्ट होते, त्यांत मराठी अक्षरांना स्वतःची जागा नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर मराठीची चित्रं बसवलेली असत. संगणकाच्या लेखी तो ‘के’च, फक्त दिसायला काना. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ खुर्च्यांची वेगळी रांग मिळाली. आता काकांच्या फोनला नातवाने त्या जुन्या पद्धतीचा फॉन्ट दिलाय. इंग्रजी अक्षर आलं की फोन त्या फॉन्टमध्ये बघतो, खुर्चीवर कुणीतरी सापडतं, ते दाखवतो. आपण टाइप केलेलं खरं मराठी आलं की ती रांग त्या फॉन्टमध्ये नसतेच. मग फोन गुपचूप आपल्या मूळच्या देवनागरी फॉन्टकडे वळतो. म्हणून मराठी शाबूत, इंग्रजीचा चिवडा.

नितीन बी-४०३: म्हणजे मराठी फॉन्टने मराठी सोडून सगळं बदललं. भारी.

शिंदे बी-१०२: पुन्हा टाकतो. बी विंगच्या डक्टला कबुतरांची जाळी कधी लागणार?

खरे काका ए-२०३: बिलाची पीडीएफ पण टाकली होती म्हणता, ती का नाही बिघडली?

परब ताई सी-००१: पीडीएफ आपला फॉन्ट बहुधा पोटात घेऊन येते. तुम्ही उघडली असतीत तर नीट दिसली असती.

म्हात्रे सेक्रेटरी: ऐका.

खरे काका ए-२०३: पीडीएफमधलं अक्षर मुंगीएवढं असतं. जूनपर्यंत कागदी बिल मिळत होतं ते तुम्हीच बंद केलंत.

म्हात्रे सेक्रेटरी: काका, कागदाचा विषय आता नको. फोन दुरुस्त करू.

नितीन बी-४०३: फोन कोणत्या साली घेतलाय? अँड्रॉइड कितवं? रूट करून सिस्टीमच्या फॉन्ट फोल्डरमधली फाइलच बदलू शकतो. मी येऊ का लॅपटॉप घेऊन?

खरे काका ए-२०३: २०१६ चा आहे. मुलीने घेऊन दिला. अँड्रॉइड ६ असं नातू म्हणाला.

परब ताई सी-००१: नितीन, लॅपटॉप राहू दे. बोटांनी होईल. काका, दातेरी चाकाचं चित्र आहे ना, त्यात जा. मग डिस्प्ले.

खरे काका ए-२०३: डिस्प्ले नाही. ‘क्पेचसंल’ आहे.

परब ताई सी-००१: तेच. दाबा.

खरे काका ए-२०३: आलो.

परब ताई सी-००१: आता ‘थ्वदज’ने सुरू होणारी ओळ शोधा.

लीना डी-२०४: ताई तुम्ही हे पाठ कसं काय 😂

परब ताई सी-००१: बत्तीस वर्षं पोट त्याच्यावर भरलं, पाठ नसून कसं चालेल.

खरे काका ए-२०३: थ्वदज सापडलं. आत यादी आहे. सगळ्यात वर ‘क्म’ने सुरू होणारं काहीतरी.

परब ताई सी-००१: डिफॉल्ट. ते निवडा.

(साडेचार मिनिटं कुणी काही लिहीत नाही)

गोखले सर ए-१०१: फॉन्टचा विषय निघालाच आहे म्हणून. २००९ च्या शासन निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श हवा. आपल्या गेटवरच्या पाटीवर दोन्ही हिंदी वळणाचे आहेत. मी लेखी दिलं होतं.

म्हात्रे सेक्रेटरी: सर, गेटला गंज चढलाय. आधी गंज काढू, मग पाकळी बघू.

गोखले सर ए-१०१: हसण्यावारी नेलंत की झालं.

खरे काका ए-२०३: आलं!! इंग्रजी इंग्रजीसारखं दिसतंय. परब ताई, तुमचे फार उपकार झाले.

लीना डी-२०४: काका, अजून एक राहिलंय. नातवाने ते फॉन्टचं ॲप प्ले स्टोअरवरून घेतलं होतं की कुठल्यातरी लिंकवरून?

खरे काका ए-२०३: लिंकवरून. फोन ‘अज्ञात’ असं काही विचारत होता, त्याने हो म्हटलं.

लीना डी-२०४: मग ते ॲपच काढून टाका आणि फोन एकदा बंद-चालू करा. नंतर सेटिंगमध्ये सुरक्षा, त्यात ‘अज्ञात स्रोत’ बंद करा. तुमच्या अँड्रॉइडला ती एकच कळ आहे, चालू राहिली की कुठूनही आलेलं काहीही आत शिरतं. त्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी दिली होती का तेही बघा. फॉन्टला तुमचे एसएमएस वाचून काय करायचंय? मी बँकेत रोज बघते, म्हणून सांगतेय.

लीना डी-२०४: आणि महिनाभर बँकेचे इंग्रजी एसएमएस तुम्हाला वाचताच आले नसणार. उद्या पासबुक भरून घ्या.

खरे काका ए-२०३: एसएमएसमध्ये ‘व्ज्च्’ असं यायचं आणि पुढे आकडे. आकडे बरोबर असायचे, म्हणून मी चालवून घेतलं.

परब ताई सी-००१: ओटीपी. मोठ्या लिपीतला, म्हणून तिन्ही अक्षरं अर्धी.

नितीन बी-४०३: काका, अक्षर मोठं करायचं तर डिस्प्लेमध्येच फॉन्टचा आकार आहे, तो एक घर पुढे न्या. शिवाय व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट, त्यात फॉन्टचा आकार, मोठा. फॉन्ट बदलायची गरजच नव्हती. तरी सुबक मराठी हवंच असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे ‘मुक्त’, ‘बलू’ वगैरे फॉन्ट आहेत, फुकट आणि युनिकोडवाले. पण तुमचा फोन नुसती फॉन्टची फाइल घेणार नाही, पुन्हा कुठलं तरी ॲप मध्ये घालावं लागेल.

खरे काका ए-२०३: नको. ॲप या शब्दाचीच धास्ती बसली आहे.

खरे काका ए-२०३: अक्षर मोठं केलं. छान दिसतंय. मागचे सगळे निरोप पुन्हा वाचतो आहे.

वैद्य वहिनी सी-४०१: वाचाच. विशेषतः १९ तारखेचे.

खरे काका ए-२०३: म्हात्रे, एक विचारायचं आहे. १९ ला मी विचारलं होतं, गच्चीवर गोधड्या वाळत घालू का. त्यावर तुम्ही ‘नो’ लिहिलंत?

म्हात्रे सेक्रेटरी: हो. वॉटरप्रूफिंग ताजं होतं. आणि तुम्ही तरीही चार दिवस घातल्यात. वहिनींच्या छतातून ठिपके पडले. आम्ही काही बोललो नाही.

वैद्य वहिनी सी-४०१: मी बोलणार होते. ह्यांनी थांबवलं.

खरे काका ए-२०३: मला ‘दव’ दिसलं.

परब ताई सी-००१: ‘एन’वर द, ‘ओ’वर व. बरोबर आहे.

खरे काका ए-२०३: मला वाटलं म्हात्रे काळजीने सांगताहेत की सकाळी दव पडतं. म्हणून मी उन्हं चढल्यावर, अकरानंतर घालायचो. सौ.ला म्हटलंसुद्धा, सेक्रेटरी माणूस बरा आहे, एका शब्दात नेमकं सांगतो.

लीना डी-२०४: 😂😂😂

वैद्य वहिनी सी-४०१: मला हसू येतंय पण ठिपके अजून तसेच आहेत.

खरे काका ए-२०३: वहिनी, उद्या सकाळी येऊन बघतो. रंगाचं काय ते माझ्याकडे.

वैद्य वहिनी सी-४०१: अहो, तसं नव्हे. या चहाला.

म्हात्रे सेक्रेटरी: काका, व्याजाचं म्हणाल तर माफ करायचं झाल्यास सभेत ठेवावं लागेल. ठेवू का?

खरे काका ए-२०३: ठेवू नका. ५६ रुपयांसाठी पंचवीस माणसं खुर्च्या मांडून बसवणार? आताच पाठवले. खात्यात बघा.

म्हात्रे सेक्रेटरी: आले. धन्यवाद. पुढच्या महिन्यापासून नोटीस दोन्ही भाषांत टाकतो.

गोखले सर ए-१०१: मी हेच सांगत होतो.

शिंदे बी-१०२: पुन्हा टाकतो. बी विंगच्या डक्टला कबुतरांची जाळी कधी लागणार? एक तरी उत्तर द्या.

म्हात्रे सेक्रेटरी: ओके शिंदे, या रविवारी लावून घेऊ.

खरे काका ए-२०३: हा ओके मला स्वच्छ दिसला. जाळीची कोटेशनं किती मागवली होती?