रबराचे कपडे चालतात, घालणारे मात्र चालत नाहीत?

कातरकाम (धागाकर्ती)

मी लंडनमध्ये पॅटर्न कटर (कपडे बेतून कापणारी) आहे. सध्या जिथे काम करते तिथलं निम्मं काम लेटेक्सचं, म्हणजे पातळ रबराच्या शीटपासून कपडे बनवण्याचं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. "तुम्हाला काय माहीत?" हा प्रश्न वाचेल. "तुमचा धंदाच तो" हा आरोप खुशाल करा.

ज्यांना रबराच्या कपड्यांचं आकर्षण आहे (लैंगिक आकर्षण, आडपडदा कशाला?) त्यांच्याबद्दल ब्रिटिश वर्तमानपत्रं पूर्वी कुत्सितपणे लिहायची. आता तीच वर्तमानपत्रं फॅशनच्या पानावर रबराच्या कपड्यांचं कौतुक करतात. यावर सगळे खूश, की बघा समाज किती बदलला! मला वाटतं समाजाने कापड तेवढं उचललं आणि माणसांना होती तिथेच ठेवलं. त्याहून जास्त खुपतं ते हे, की त्या माणसांनीही यात समाधान मानून घेतलं.

ही हौस काही कालची नाही. 'लंडन लाइफ' नावाच्या नियतकालिकात १९३०च्या दशकात रबर लावलेल्या मॅकिंटॉश रेनकोटच्या वेडाबद्दल वाचकांची पत्रं छापून यायची, अर्थात टोपणनावाने. पुढे जॉन सटक्लिफ या माणसाने चामड्याचे आणि रबराचे कपडे शिवून देण्याचा धंदा काढला आणि १९७२ पासून 'ॲटमएज' हे मासिक. त्यातले बरेचसे फोटो वाचकांनीच पाठवलेले असायचे. मॉडेल वगैरे कुणी नाही, साधी मध्यमवयीन जोडपी, घरात नाहीतर परसातल्या बागेत, डोक्यापासून पायापर्यंत रबरात, कधी तोंडावर गॅस मास्क, आणि मागे नीट कापलेली हिरवळ. १९८२ मध्ये सटक्लिफच्या एका प्रकाशनावरून अश्लीलतेचा खटला झाला, पुस्तकाच्या प्रती आणि छपाईच्या प्लेटा नष्ट केल्या गेल्या. आणि २०१० मध्ये त्याच 'ॲटमएज'मधली निवडक पानं लंडनच्या एका प्रकाशकाने देखण्या पुस्तकात छापली. आता ती डिझायनरांच्या टेबलावर असतात, 'संदर्भ' म्हणून.

डिसेंबर २००९, ब्लॅकपूल. लेडी गागा राणी एलिझाबेथला भेटली ती लाल लेटेक्सच्या पायघोळ झग्यात. झगा ॲत्सुको कुडोचा, म्हणजे लंडनमध्ये लेटेक्सवर आयुष्य घालवलेल्या बाईचा. फोटो जगभर छापले गेले. २०२०च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये सां लोराँ या फॅशन कंपनीने रबराच्या घट्ट लेगिंग्जची रांगच लावली. मे २०२२ मध्ये बॅलेन्सियागाने न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या आत मॉडेलांना काळे लेटेक्सचे मुखवटे घालून चालवलं. तोपर्यंत 'फेटिश' (एखाद्या वस्तूचं किंवा कपड्याचं लैंगिक आकर्षण) हा शब्द कसा चविष्ट होता! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच कंपनीने लहान मुलांच्या हातात फेटिशवाले घालतात तसले पट्टे बांधलेली टेडी बेअर देऊन जाहिरात काढली. लोक खवळले, आणि योग्यच खवळले. पण मग तोच शब्द आरोपपत्रात गेला. चूक कंपनीची, खुलासे मात्र ती माणसं देत बसली, ज्यांचा आयुष्यभराचा पहिला नियमच आहे की इथे फक्त प्रौढ आणि फक्त संमतीने.

मुखवटा विकायचा आणि ज्याच्याकडून घेतला त्याला ओळख द्यायची नाही, याला मी स्वीकार म्हणत नाही. तुम्ही म्हणता?

तिरपागडा

कातरकामताई, लेख चांगला, निष्कर्ष भलताच. जीन्स अमेरिकेतल्या खाणकामगारांची होती. आज ती घालताना कोणी खाणकामगारांचे आभार मानतं का? कपडा एकदा बाजारात आला की तो सगळ्यांचा.

दुसरं, "माणसांना स्वीकारा" म्हणजे नेमकं काय करायचं? शेजाऱ्याला खोलीचं दार लावून काय आवडतं ते मला कळावंच का? मला त्याच्याशी भांडण नाही. पण त्याचं कौतुकही मागू नका. पूर्वीची माणसं टोपणनावाने पत्रं लिहायची यात मला सभ्यता दिसते, तुम्हाला अन्याय दिसतो.

उपचारक

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात आहे. माध्यमांच्या पलीकडे एक मोठा बदल झाला, त्याचा धाग्यात उल्लेखच नाही. माझ्या दृष्टीने मूळ मुद्दा तोच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात फेटिशिझम हा आजार म्हणून नोंदलेला होता. स्वीडनने २००९ मध्ये, नॉर्वेने २०१० मध्ये तो आपापल्या यादीतून काढला. नॉर्वेत त्यासाठी या मंडळींनीच वर्षानुवर्षं चिकाटीने मोहीम चालवली होती. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या नव्या जागतिक वर्गीकरणात (ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे) तो नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेनेही २०१३ मध्ये ठरवलं की नुसतं आकर्षण म्हणजे विकार नव्हे; त्याचा त्या माणसाला त्रास होत असेल, त्याचं जगणं अडत असेल, तरच विकार. गागाच्या झग्यापेक्षा हे कितीतरी मोठं. वर्तमानपत्रांत याला चार ओळी मिळाल्या असतील.

तिरपागडा, "कौतुक मागू नका" ठीक. पण "तुम्ही आजारी आहात" हे ऐकावं लागू नये, एवढं तर मागता येतं ना?

तिरपागडा

@उपचारक, हे मान्य. पण मग हेही माना की तो बदल डॉक्टरांच्या बैठकांत झाला, मिरवणुकीत नाही.

मँचेस्टरचा मामा

मी इथे बरीच वर्षं आहे, समलिंगी आहे आणि रबरवाला आहे. तेव्हा आता थोडं ऐका.

ताई, तुमचा सगळा धागा बायकांच्या झग्यांचा आणि रॅम्पचा आहे. आमचं रबर, म्हणजे जाड, काळं, गमबूट आणि गॅस मास्कवालं, फॅशनच्या पानावर आलंच कुठे? त्यामुळे "आमचं उचललं" हे दुःख मला होत नाही. आम्ही आमचं वेगळंच उभं केलं. शिकागोत १९९७ पासून 'मिस्टर इंटरनॅशनल रबर' ही स्पर्धा आहे. बर्लिनला सप्टेंबरात फॉल्सम युरोप हा चामडं-रबरवाल्यांचा मेळावा भरतो, तिथे भर रस्त्यात रबरवाली माणसं कॉफी पीत उभी असतात आणि कडेने बर्लिनच्या आज्या भाजीच्या पिशव्या घेऊन जातात. कोणी वळूनही बघत नाही.

@तिरपागडा, "सभ्यता" म्हणता त्याचं दुसरं नाव भीती. १९८७ मध्ये इथल्याच पोलिसांच्या हाती एक व्हिडिओ टेप लागली आणि 'ऑपरेशन स्पॅनर' सुरू झालं. प्रौढ समलिंगी पुरुष, खाजगीत एकमेकांना वेदना देण्याचे लैंगिक खेळ, सगळं संमतीने, तक्रार कोणाचीच नाही. तरी डिसेंबर १९९० मध्ये सोळा जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. ते प्रकरण रबराचं नव्हतं, पण धसका सगळ्यांनी घेतला. फोटो जाळणारी, पत्रव्यवहार फाडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या काळात माध्यमांकडून अपेक्षा एकच, आपलं नाव छापून येऊ नये. पुढे चॅनेल ४ वर रात्री 'युरोट्रॅश' लागायचं, त्यात परदेशी हौशी मंडळींच्या तोंडी ब्रिटिश बोलीभाषेतले आवाज घालून थट्टा चालायची. खरं सांगू? मीही हसायचो. ते बघताना निदान एवढं कळायचं की आपल्यासारखे लोक आहेत, आणि ते तुरुंगात नाहीत.

वकीलबुवा

मामांच्या प्रतिसादात थोडी भर. स्पॅनर खटला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (तेव्हाचं इथलं सर्वोच्च न्यायालय) मार्च १९९३ मध्ये ३ विरुद्ध २ असा आरोपींच्या विरोधात गेला, आणि १९९७ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही सरकारचीच बाजू उचलून धरली. निकाल आजही उलटलेला नाही. म्हणजे फॅशन कुठेही पोचली असली तरी शारीरिक इजेच्या बाबतीत संमतीचा बचाव कायद्याच्या दृष्टीने अजून अपुराच आहे. रबर घालण्याला अर्थातच कुठे बंदी नाही.

माध्यमांपुरतं बोलायचं तर महत्त्वाचा निकाल मॅक्स मोझली यांचा, २००८. फॉर्म्युला वनच्या प्रशासनातला बडा माणूस. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ने त्याच्या खाजगी लैंगिक पार्टीचं चोरून चित्रीकरण करवून पहिल्या पानावर छापलं आणि वर नाझी रंग दिला. न्यायाधीशांनी नाझी भाग पुराव्याअभावी फेटाळला आणि ६०,००० पौंड भरपाई दिली. प्रौढांनी संमतीने खाजगीत काय केलं हे छापण्यात जनहित नाही, असा त्याचा आशय. माझ्या मते कुत्सित बातम्या कमी झाल्या त्यात सहृदयतेपेक्षा या ६०,००० पौंडांचा वाटा मोठा असावा.

कातरकाम

@वकीलबुवा, हेच तर म्हणतेय! वर्तमानपत्रं गप्प बसली ती भीतीने, रबरवाले आवडले म्हणून नाही.

@मामा, तुमचा मुद्दा बिनतोड आहे. पण रबरवाल्यांची बातमी चांगली येते ती कधी, आठवा. मार्च २०२०, करोनाची सुरुवात. मेडफेटयूके नावाच्या, वैद्यकीय फेटिशचं सामान विकणाऱ्या छोट्या कंपनीने आपल्याकडचे सगळे डिस्पोजेबल स्क्रब्ज (एकदा वापरून टाकायचे डॉक्टरी कपडे) एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एका रुग्णालयाला देऊन टाकले. होते मोजकेच सेट. पण जे सरकारने पुरवायचं त्याची मागणी फेटिशवाल्यांकडे यावी, यावर कंपनीने जाहीर ताशेरे मारले. त्या दिवशी सगळी वर्तमानपत्रं कौतुक करत होती. उपयोगी पडलात तर शहाणे, रॅम्पवर दिसलात तर कलात्मक. तिसरं काही नाही.

दोडामार्गकर

रबराचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्याकडे केरळच्या मंडळींनी येऊन डोंगरच्या डोंगर रबराखाली आणले. पहाटे साल कापून चीक धरायचा, आम्ल घालून गोठवायचा, रोलरमधून काढून शीट वाळवायची. त्याचे टायर होतात असं ऐकून होतो. ताईंच्या कारखान्यात आमची शीट चालेल का? भाव काय मिळेल?

(बाकी ज्याने त्याने काय घालायचं ते घालावं. आमच्या पावसात चार महिने सगळेच रबरात असतात.)

कातरकाम

@दोडामार्गकर, तुमची शीट नाही चालणार हो. कपड्याच्या शीटसाठी चीक गोठवत नाहीत. अमोनिया घालून पातळच ठेवतात, यंत्रात गरगर फिरवून रबराचं प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत नेतात, मग त्याची अखंड पातळ शीट ओढतात. आम्ही बहुतेक ०.४ मिलिमीटरची वापरतो. सुई लावायची नाही, भोकापासून फाटत जातं. दोन्ही कडांना सोल्यूशन लावून, सुकू देऊन चिकटवायचं, पंक्चरवाला लावतो तसंच. तेल, ऊन आणि तांबं हे तीन शत्रू. पितळी बटणाला हात लावून पांढऱ्या रबराला लावलात की तपकिरी डाग, तो जात नाही.

आणि ही सगळी युक्ती फॅशन कॉलेजांच्या आधी त्या हौशी लोकांनी घरच्या जेवणाच्या टेबलावर चुकतमाकत शिकून घेतली होती. ओळख द्या म्हणते ती याची.

खडूस_खारघर

केरळचा विषय निघाला म्हणून आठवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिट या संगीत पुरस्कारांना सॅम स्मिथ जो फुगवलेला काळा लेटेक्स सूट घालून आला, तो केरळच्या हरिकृष्णन या पोराने केला होता. २०२० मध्ये लंडन कॉलेज ऑफ फॅशनमधून बाहेर पडताना त्याच्या फुगलेल्या लेटेक्स पँटी गाजल्या होत्या. आणि ती कल्पना कुठून आली म्हणाला? त्याचा पग कुत्रा खालून वर बघतो तेव्हा त्याला माणसं कशी दिसत असतील, त्यावरून! फेटिशचा संबंध शून्य. मग ताई, तो कोणाचे आभार मानणार? कुत्र्याचे?

सगळं रबर एकाच गोठ्यातून येत नाही. हट्ट सोडा.

कातरकाम

@खडूस, हरीचं काम मला फार आवडतं आणि त्याच्यावर माझा आक्षेप नाही. तो मुखवटा विकत नाही, आकार शोधतो. माझा आक्षेप जे जशाच्या तसं उचलतात त्यांच्यावर.

तिरपागडा

ताई, एक विचारतो, राग नको. तुम्ही एवढं ओळख-ओळख करताय. डोंबिवलीला म्हणा, नाशिकला म्हणा, घरी काय सांगितलंय? काय शिवता ते?

कातरकाम

घरी सांगितलंय की पॅटर्न कटर आहे. आईला फोटो दाखवलेत, तिला वाटतं रेनकोटची कंपनी आहे. मावशीला सगळं माहीत आहे, आणि तिने पहिलं काय विचारलं असेल तर "घाम नाही का येत?" येतो. भरपूर येतो.

यातून तुम्हाला काय सिद्ध करायचंय ते कळतंय. पण मी गप्प बसते म्हणून गप्प बसणं योग्य, असं होत नाही.

मँचेस्टरचा मामा

@तिरपागडा, प्रश्न बरोबर माणसाला विचारला नाहीत. मला विचारा. माझ्या घरी माहीत आहे. त्याआधी सोळा वेळा विचार केला आणि त्यातला एकही विचार फॅशनच्या पानांनी सोपा केला नाही. सोपा केला तो लंडनच्या प्राइडमध्ये, म्हणजे आमच्या वार्षिक मिरवणुकीत, रबर घालून दिवसाढवळ्या चालणाऱ्या बाप्यांनी. दर जूनमध्ये इथे वाद पेटतो, की मुलंबाळं बघतात, हे लोक मिरवणुकीत कशाला. गंमत म्हणजे सगळ्यात जोरात ओरडतात ते आमच्यातलेच नवे, लग्न झालेले, कुत्रा पाळलेले. त्यांना आता सभ्य दिसायचंय.

आणि ताई, तुमच्याशीही माझं एक भांडण राहिलंच. १९९० मध्ये लंडनला 'टॉर्चर गार्डन' हा फेटिश क्लब सुरू झाला. त्याच्या दारावर ड्रेस कोड: जीन्स नाही, रस्त्यावरचे कपडे नाहीत. तो नियम नटण्यासाठी कमी आणि बघ्यांना बाहेर ठेवण्यासाठी जास्त. आता एका रात्रीपुरता स्वस्तातला ड्रेस ऑनलाइन मागवून बघेही आत येतात. माध्यमांनी 'सामान्य' केलं त्याचा खरा तोटा तुम्ही म्हणता तो, श्रेय न मिळण्याचा, नाही. तोटा हा, की दाराला आता अर्थ उरला नाही. श्रेय नको मला. दार हवंय.

वकीलबुवा

मामा, एकीकडे रस्त्यावर मोकळेपणा हवा आणि दुसरीकडे बंद दारही हवं, दोन्ही कसं?

मँचेस्टरचा मामा

का नाही? तुमच्या घराला दार आहे म्हणून तुम्ही बाजारात जायचं बंद केलंय का?