नृसिंहाचा सिनेमा पाच वर्षांच्या मुलीला दाखवावा का?

कासारवडवलीकर
नमस्कार. प्रल्हाद-नृसिंहाच्या कथेवरचा ॲनिमेशन सिनेमा लागलाय, रविवारी घरातले सगळे जाणार आहोत. मुलगी पाच वर्षांची, मुलगा साडेआठचा. कुलदैवत नृसिंह, नीरा नरसिंहपूरला दरवर्षी जाणं होतं, गोष्ट दोघांना पाठ आहे. सासूबाई म्हणतात, "देवाचाच तर सिनेमा, त्यात घाबरायचं काय?" ट्रेलरमध्ये मात्र लाल डोळे, कानठळ्या बसवणारी डरकाळी. बुकिंगच्या पानावर यूए ७+ लिहिलंय. शो संध्याकाळी ६.४० चा, घोडबंदर रोडवर, थ्रीडी. मुलीला न्यावं का? न्यायचं तर काय बघून?

बालवाडीची ताई, ऐरोली
गोष्ट पाठ असणं आणि ती पडद्यावर सोसणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजीच्या तोंडून ऐकताना "खांब फुटला" हे मूल स्वतःला झेपेल तेवढंच डोळ्यांसमोर आणतं. पडदा तेवढ्यावर थांबत नाही.

पाच वर्षांचं मूल साधारणपणे 'दिसतं कसं' याला घाबरतं, आठ-नऊचं 'होईल काय' याला. त्यातही छोट्यांना सगळ्यात जड जातं ते रूप बदलणं. जोआन कँटर या अमेरिकन संशोधिकेने १९८०च्या दशकात यावर काम केलं. माणसाचा हिरवा राक्षस होतो त्या मालिकेत बालवाडीतली मुलं घाबरली ती रूप बदलल्यावर. तो राक्षस मदतीला आलाय, हे त्यांना दिलासा देऊ शकलं नाही. आता नृसिंह आठवा: खांबातून निघणारा, अर्धा माणूस अर्धा सिंह, आणि तोच आपला देव. "तो वाईट आहे, त्याच्याकडे बघू नकोस" असं इथे म्हणताच येत नाही. "खोटं आहे गं ते" हेही चालत नाही, कारण घरी आपण देव खरा म्हणून हात जोडायला लावतो. "गोष्ट आपलीच आहे, हे चित्र मात्र कॉम्प्युटरवर काढलंय, आवाज माणसांनी दिलेत" एवढं म्हणा. ते खरंही आहे आणि तिला कळतंही.

मला सिंहापेक्षा जास्त काळजी बापाची वाटते. भागवताच्या सातव्या स्कंधात हिरण्यकशिपू पोराला हत्तीच्या पायी देतो, साप सोडतो, विष देतो, कड्यावरून ढकलतो, आगीत टाकतो. प्रल्हादही लहानगाच. तुमची मुलगी स्वतःला त्याच्या जागी बघणार. "बाबा मला असं करतील का?" हा प्रश्न ती कदाचित तोंडाने विचारणार नाही, पण रात्री तुम्हाला चिकटून झोपेल. म्हणून बाबांनी स्वतः, आदल्या दिवशी, "मी तुला कधीच असं करणार नाही" हे साध्या शब्दांत सांगावं.

आधी तुमच्यापैकी एकाने सकाळचा शो एकट्याने बघून या. मोबाइलमध्ये मिनिटं टिपून ठेवा: छळ कधी सुरू होतो, होलिका कधी, मध्यंतर कधी, खांब कधी फुटतो, पोट फाडणं थेट दाखवलंय की सावलीत, आणि प्रल्हाद देवाला शांत कधी करतो. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. बाहेर पडायचं तर खांब फुटायच्या आधी पडा. एकदा नृसिंह दिसला की प्रल्हाद त्याच्याजवळ जाऊन, डोक्यावर हात ठेवून घेईपर्यंत उठू नका. मधेच उचलून नेलं तर मूल घरी फक्त रागावलेला देव घेऊन जातं, शांत झालेला त्याला भेटतच नाही.

आदल्या दिवशी लक्ष्मीनृसिंहाचं शांत चित्र दाखवा. सिनेमा संपल्यावर पुन्हा तेच.

सिनेमा चालू असताना तिने डोळे झाकले तर हात ओढून काढू नका. डोळे झाकणं हा छोट्यांचा उपयोगी पडणारा उपाय आहे. मांडीवर घ्या, ओढणी पांघरा. लांबलचक समजावणं मुलासाठी ठेवा, त्याला ते लागू पडेल. रडणाऱ्यापेक्षा एकदम गप्प झालेल्या, दोनदा शू लागलेल्या मुलाकडे जास्त लक्ष द्या. आणि "भित्री कुठली" हा शब्द घरात कुणीही काढू नये.

साउंडवाला, वाशी
ताईंनी मनाचं सांगितलं, मी कानाचं सांगतो. थिएटरची यंत्रणा लावताना पडद्यामागच्या प्रत्येक चॅनेलला, म्हणजे आवाजाच्या वेगळ्या वाटेला, ८५ डेसिबल हा आधार धरतात आणि वर २० डेसिबलची मोकळीक ठेवतात, म्हणजे शिखर, सर्वांत मोठा आवाज, १०५. खर्जाच्या, म्हणजे जाड घुमणाऱ्या आवाजाच्या, वेगळ्या चॅनेलचं शिखर ११५ पर्यंत. खांब तडकणं, डरकाळी, हत्ती हे सगळं त्याच खर्जात येतं. मोठ्यांच्या छातीत धडधडतं, पाच वर्षांच्या पोराचं अंग हादरतं. बरीच मुलं चित्राला नव्हे, याला घाबरतात. कान झाकले तर आवाज, डोळे झाकले तर चित्र, इतकं सोपं ओळखायचं.

कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत, खर्ज तर त्यातून सरळ आत जातो. मुलांच्या मापाचे, कान पूर्ण झाकणारे इअरमफ घ्या आणि दोन दिवस आधी घरी दहा मिनिटं घालून बघा. थिएटरात पहिल्यांदा काढले तर ती फेकून देईल.

जागा शेवटून तिसऱ्या-चौथ्या रांगेत, मधल्या वाटेला लागून. भिंतीकडची खुर्ची नको आणि अगदी शेवटची रांगही नको, दोन्हीकडे सराउंडचे, म्हणजे बाजूचे आणि मागचे, स्पीकर डोक्याशी असतात. थ्रीडी रद्दच करा. चष्मे मोठ्यांच्या मापाचे, नाकावरून घसरले की सगळं दुहेरी दिसतं, वर वस्तू अंगावर येतात. टूडी घ्या.

६.४० हीसुद्धा चुकीची वेळ. सव्वादोन तासांचा सिनेमा धरला तरी जाहिराती, मध्यंतर मिळून सव्वानऊ-साडेनऊ, मग घोडबंदरची रहदारी. मूल थकलेलं, उपाशी आणि लगेच अंधारात झोपायला. सकाळी अकराच्या आसपासचा शो घ्या, उजेडात घरी या. सुरुवातीची दहा मिनिटं बाहेरच थांबा. इतर सिनेमांचे ट्रेलर कधी कधी मूळ सिनेमापेक्षा भडक असतात.

नौपाड्यातला वाचक
प्रमाणपत्राबद्दल. सिनेमाच्या कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर जुन्या यूएचे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. तिन्ही पालकांसाठी सूचना आहेत. दारात कुणी पाच वर्षांच्या मुलीला अडवणार नाही, त्यामुळे 'सोडलं म्हणजे चालतं' असं समजू नका. अडवलं जातं फक्त 'ए'ला, तिथे पालक सोबत असले तरी अठराच्या आतल्याला प्रवेश नाही. प्रत्येक भाषेच्या आवृत्तीचं प्रमाणपत्र वेगळं असतं, तुम्ही बघणार तेच तपासा. आणि तिला नीट कळणारी भाषा निवडा, कारण वाचता न येणाऱ्या मुलाला खाली लिहिलेल्या ओळींचा उपयोग नाही.

कासारवडवलीकर
सगळ्यांचे आभार. मुलगा आणि सासूबाई रविवारी गेले आणि मुलीला नंतर घरी टीव्हीवर दाखवला तर? "दादाला नेलं, मला नाही" म्हणून रडेल.

बालवाडीची ताई, ऐरोली
माझ्या मते हेच करा. रडणं अर्ध्या तासाचं, दचकून उठणं आठवडाभराचं. तिच्यासाठी त्याच वेळी काहीतरी ठरवा, बाबांबरोबर तलावपाळीला होडी, म्हणजे ती मागे राहिली असं होणार नाही. घरी दाखवताना दिवे चालू, आवाज कमी, रिमोट तिच्या हातात. खांबाजवळ तिने थांबवलं तर तिथेच थांबा आणि पुढचं सासूबाईंनी तोंडी सांगावं. दादाला मात्र बजावून ठेवा, घरी आल्यावर डरकाळी फोडून दाखवायची नाही.