वाढत्या उपनगरासाठी इंटरचेंज: डायमंड, क्लोव्हरलीफ की डीडीआय?

प्रश्न: महामार्गावर चार लेनचा जुना पूल आहे, दोन्ही बाजूंना वस्ती वाढतेय. जागा बेताची. इंटरचेंजचा (महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या जोडणीचा) कोणता प्रकार निवडावा?

उत्तर १: आधी गर्दीच्या तासाची वळणांची मोजणी करा, नुसत्या एकूण वाहनसंख्येवर ठरवू नका. विरुद्ध वाहतूक ओलांडून वळणारी वाहने जास्त असतील तर डायव्हर्जिंग डायमंड (डीडीआय): यात पुलावर दोन्ही दिशांची वाहतूक बाजू बदलते, म्हणून ही वळणे विरुद्ध वाहतूक न ओलांडता होतात. सिग्नलचे दोनच टप्पे, संघर्षबिंदू (जिथे वाहनांचे मार्ग छेदतात, मिळतात किंवा फुटतात) 14. साध्या डायमंडमध्ये (चार तिरके रॅम्प, म्हणजे चढ-उताराचे जोडरस्ते) ते 26. वळणासाठी वेगळी लेन लागत नाही, म्हणून जुना पूल बहुधा तसाच वापरता येतो. अमेरिकेतला पहिला 2009 मध्ये स्प्रिंगफील्ड, मिसूरी इथे असाच जुन्या पुलावर झाला.

उत्तर २: क्लोव्हरलीफ (चार गोल लूप-रॅम्पचा इंटरचेंज) विसरा. लूपना जागा फार लागते आणि चढणारी-उतरणारी वाहने एकाच छोट्या पट्ट्यात एकमेकांना छेदतात.

उत्तर ३: डीडीआयची खोड म्हणजे रॅम्पवरून उतरून सरळ समोरच्या रॅम्पवर चढता येत नाही. पुलाखाली अपघात झाला की रॅम्पवरून वाहतूक वळवणे अवघड. शेजारचा चौक 100-150 मीटरवर असेल तर तिथली रांग इंटरचेंजमध्ये शिरते, मग कुठलाही प्रकार घ्या, कोंडी ठरलेलीच. रॅम्पची लांबीही तपासा: रांगेत एका कारला साधारण 7.5 मीटर, म्हणजे 40 गाड्यांना 300 मीटर. कमी पडली तर रांगेचे शेपूट भरधाव लेनमध्ये.

प्रश्नकर्ता: चौक 120 मीटरवर आहे.

उत्तर ३: मग आधी तो चौक सरकवा.