मदत हवी आहे: विल्सन आजार, धाकटीची तपासणी

नमस्कार मंडळी. माझ्या मुलाला (वय १३) गेल्या महिन्यात विल्सन आजाराचं निदान झालं. यात शरीराला तांबं बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात आणि मेंदूत साठत जातं. दीड वर्षात दोनदा कावीळ झाली, तेव्हा बाहेरचं खाणं बंद केलं. मग अक्षर बिघडलं, बोलणं जड झालं, चिडचिड वाढली. आम्ही मोबाइलला दोष देत बसलो! शेवटी नेत्रतज्ज्ञांना बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसलं आणि उलगडा झाला. (घरात पाणी मात्र तांब्याच्या कळशीतलं. आता ती माळ्यावर.)

प्रश्न धाकटीचा आहे. वय ८, अगदी ठणठणीत. पण सख्ख्या भावंडांत हा आजार असण्याची शक्यता २५ टक्के. तिचं सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन) किंचित कमी आलंय, डोळ्यांत काही नाही. डॉक्टर म्हणतात, २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि एटीपी७बी जनुक (ज्यातल्या दोषामुळे हा आजार होतो) तपासा.

कुणी लक्षणं नसलेल्या मुलाची ही तपासणी केली आहे का? शाळकरी पोराची २४ तासांची लघवी कशी गोळा केलीत? पुणे-मुंबईत जनुक तपासणीला खर्च किती आला? या आजारात अन्नातलं तांबं शोषलं जाऊ नये म्हणून देतात ते झिंक सुरू असेल तर पोटाला त्रास होतो का?