मदत हवी आहे: लेक सुपीरियरची एकटीने प्रदक्षिणा

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेरीस अमेरिकेतल्या डुलुथहून निघून लेक सुपीरियरला (अमेरिका-कॅनडा सीमेवरचं सरोवर) गाडीने पूर्ण फेरी मारायची आहे. अंतर साधारण २,१०० किमी, हाताशी आठ दिवस, सोबतीला कुणी नाही. जाताना पिजन रिव्हरला कॅनडात शिरायचं, परतताना सू सेंट मरीच्या पुलावरून अमेरिकेत.

पासपोर्ट भारतीय, कॅनडाचा व्हिसा आहे. एच-१बीचा (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) पासपोर्टवरचा शिक्का मात्र संपलाय. आय-९४ची (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) मुदत बाकी आहे. ३० दिवसांच्या आतल्या कॅनडावारीला ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन (शिक्का संपला तरी अमेरिकेत परत येऊ देणारा नियम) लागू होतं, हे वाचलंय. पण विमानतळावर नाही, रस्त्यावरच्या नाक्यावर कुणी ते वापरलंय का? आय-९४ परत मागितला तर काय म्हणायचं?

गाडी भाड्याची. मागे एका कंपनीने फोनवर ‘कॅनडात चालेल’ म्हटलं आणि करारात बारीक अक्षरांत नेमकं उलटं निघालं. यंदा लेखी घेतलंय.

खरी धाकधूक कॅनडातल्या हायवे १७वरच्या निपिगॉन ते वावा पट्ट्याची. अंधारात मूस (मोठ्या आकाराची हरणं) रस्त्यावर येतात, म्हणून दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचाय. त्यात वाटेतल्या थंडर बे शहरात घड्याळ डुलुथपेक्षा तासभर पुढे. हा पट्टा एका दिवसात झेपेल, की मॅरेथॉनला थांबू? (गावाचं नाव आहे, धावायचं नाहीये!) मधे मोबाइलला रेंज कुठे जाते? पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरणारच आहे.

एकट्याने गेलेल्यांनी, विशेषतः बायकांनी, जरूर लिहा.